महामार्गावरचा जिना

नवऱ्याच्या एक्सेलमधली एकतिसावी ओळ अशी होती: ‘तप्पी टोकावरून राष्ट्रीय महामार्ग ३३९ ने खाली बंदरावर, दहा मिनिटं.’ ओळ हिरवी रंगवलेली, म्हणजे पक्की. मी शेजारी बसून त्या जागेचे फोटो बघत होते.

“अरे, हा जिना आहे.”

“कुठला?”

“तुझा महामार्ग.”

खरंच जिना आहे. जपानच्या होन्शू बेटाच्या पार उत्तरेला, आओमोरी प्रांतातल्या त्सुगारू द्वीपकल्पाच्या टोकावर, या महामार्गाचा ३८८ मीटरचा तुकडा म्हणजे ३६२ पायऱ्या आहेत. महामार्गाची निळी पाटी रीतसर लावलेली आहे, क्रमांक आहे, धरायला कठडा आहे, फक्त गाडी जात नाही. डोंगरउताराच्या पायवाटेला आधी महामार्गाचा दर्जा मिळाला आणि गाडीचा रस्ता काही झाला नाही. देशातला पायऱ्यांचा हा एकमेव राष्ट्रीय महामार्ग म्हणून लोक आता मुद्दाम बघायला जातात. त्याच डोंगराच्या पोटातून, समुद्राच्या तळाखालून, ५३.८५ किलोमीटरचा सेइकान बोगदा होक्काइदोला जातो. खाली एवढा पराक्रम आणि वर जिना. नवऱ्याने काही न बोलता ओळीचा रंग बदलून पिवळा केला.

आमचा बेत असा आहे: अनंत चतुर्दशी झाली की निघायचं आणि वसुबारसेच्या आत घरी यायचं. मधले चाळीस दिवस जपानच्या ईशान्येला, तोहोकूत, झोपायची सोय असलेल्या गाडीत काढायचे. भाची तोक्योला निशी-कसाईत राहते. तिथे आपल्या लोकांची एवढी वस्ती आहे की पोह्यांपासून तूरडाळीपर्यंत सगळं कोपऱ्यावर मिळतं. तिला फोन केला तर ती म्हणाली, “मावशी, क्योतो नाही? फुजी नाही? तोहोकूत काय आहे? आम्हीसुद्धा गेलो नाही अजून.” मी म्हटलं, म्हणूनच. उत्तर झोकदार होतं, पण फोन ठेवल्यावर मलाच ते उधारीचं वाटलं. कोणी जात नाही म्हणून आपण जायचं, हे काही चाळीस दिवस घर सोडण्याचं कारण नव्हे.

सुरुवातीला यादी केली होती तीही तशीच हावरट होती. शिकोकू बेटावरच्या इया खोऱ्यातले वेलींचे झुलते पूल, जे दर तीन वर्षांनी नव्याने विणतात. शिमान्तो नदीवरचे बिनकठड्याचे पूल, जे पुरात बुडावेत म्हणूनच तसे बांधलेत. शिकोकूची ८८ देवळांची, सुमारे १२०० किलोमीटरची यात्रा. नोतो द्वीपकल्प. सादो बेट. नकाशावर टाचण्या टोचून झाल्या तेव्हा नकाशाला गोवर आल्यासारखं दिसत होतं. मग नवऱ्याने एक साधा प्रश्न विचारला: “टोलच्या रस्त्याने जायचं का खालच्या?” टोल न भरता जाता येणाऱ्या साध्या रस्त्यांना जपानी लोक ‘शिता-मिची’, खालचा रस्ता, म्हणतात. तिथे ताशी ६०ची मर्यादा, गावोगावचे सिग्नल, घाट. दिवसाला दीडशे किलोमीटर झाले तरी खूप. टोलच्या रस्त्यावरून दिसते ती ध्वनिरोधक भिंत आणि बोगदे. आम्ही खालचा रस्ता घेतला आणि त्याच संध्याकाळी शिकोकू यादीतून गेलं. वाईट वाटलं. टाचण्या काढून डबीत ठेवल्या, टाकल्या नाहीत.

गाडी कुठली घ्यायची यावर दोन आठवडे गेले. जपानमध्ये ‘केइ’ नावाची छोट्या गाड्यांची एक जातच आहे: इंजिन ६६० सीसीपर्यंत, लांबी ३.४ मीटर, रुंदी १.४८ मीटर, पिवळी नंबरप्लेट. त्यातही झोपायची सोय केलेल्या गाड्या मिळतात. १.४८ मीटर रुंदीत दोन माणसं झोपतात म्हणे. झोपत असतील. आमच्या लग्नाला चौतीस वर्षं झाली आहेत. दुसरं टोक म्हणजे ट्रकच्या सांगाड्यावर खोली चढवलेली मोठी गाडी. ती मासेमारीच्या गावांतल्या गल्ल्यांत नेण्याची हिंमत नाही. शेवटी टोयोटा हायएसवर ठरलं. पावणेपाच मीटरपेक्षा जरा कमी लांब, १.७ मीटर रुंद, आपल्याकडच्या टेम्पो ट्रॅव्हलरची धाकटी चुलत बहीण. वाहन डाव्या बाजूने, स्टिअरिंग उजवीकडे, आपल्यासारखंच. भारताचा आंतरराष्ट्रीय परवाना १९४९च्या जिनिव्हा कराराखालचा असल्यामुळे जपानमध्ये चालतो. हे सगळं सोपं होतं म्हणून नवऱ्याला भलताच आत्मविश्वास आला. मग भाचीने दोन गोष्टी सांगितल्या. रेल्वेचं फाटक उघडं असलं तरी प्रत्येक वेळी गाडी पूर्ण थांबवायची. आणि पंपावर लाल नळी पेट्रोलची, पिवळी हाय-ऑक्टेन पेट्रोलची, हिरवी डिझेलची. डिझेलला जपानीत ‘केइयु’ म्हणतात, अक्षरशः ‘हलकं तेल’. ‘केइ’ गाडी म्हणजे हलकी गाडी, तेव्हा तिला हलकंच तेल लागत असणार, असं समजून खुद्द जपानी माणसंसुद्धा पेट्रोलच्या गाडीत डिझेल भरून बसतात. आपली लाल, आपली लाल, असं नवरा आता येता-जाता पुटपुटतो.

हे झालं दिवसाचं. पण अशा प्रवासाचा खरा प्रश्न दिवसाचा नसतोच. हॉटेलातून हिंडणारा माणूस ‘उद्या काय बघायचं’ असं विचारतो. गाडीत राहणारा विचारतो, आज गाडी कुठे लावायची, अंघोळ कुठे, कचरा कुठे टाकायचा. हे तीन प्रश्न लिहून काढले आणि नकाशा आपोआप बदलायला लागला.

जपानमध्ये ‘मिची-नो-एकी’ नावाची सोय आहे, शब्दशः ‘रस्त्याचं स्थानक’. १९९३ साली रीतसर सुरू झालेली ही स्थानकं आज बाराशेच्या वर आहेत. एसटी स्टँड, आठवडी बाजार आणि गावचावडी एकत्र केली, आणि वर चोवीस तास उघडं असलेलं स्वच्छ शौचालय दिलं, की मिची-नो-एकी होतं. सकाळी आसपासचे शेतकरी आपापली भाजी आणून ठेवतात आणि मुळ्याच्या जुडीवर पिकवणाऱ्याचं नाव असतं. रात्री गाडी लावून डुलकी काढता येते. डुलकीच. सरकारचं म्हणणं असं की ही जागा थकलेल्या चालकाच्या विश्रांतीसाठी आहे, मुक्कामासाठी नाही. म्हणजे गाडीचा पडदा ओढून झोपलात तर डुलकी, बाहेर खुर्ची मांडून चहा उकळलात तर मुक्काम. नवरा म्हणाला, “मग रोज डुलकीच घेऊ.” मला ते पटलं नाही. चाळीस दिवस सलग कोणी डुलकी घेत नाही. तेव्हा दोन रात्री डुलकी आणि तिसरी रात्र पैसे भरून आरव्ही पार्कात, म्हणजे अशा राहत्या गाड्यांच्या तळावर, किंवा कॅम्पिंगच्या जागेत, जिथे वीज मिळते, सांडपाणी ओतता येतं आणि बऱ्याच ठिकाणी थोडे पैसे घेऊन कचराही घेतात.

कचऱ्याबद्दल जरा सांगायलाच हवं. जपानी रस्त्यावर कचऱ्याची पेटी सापडत नाही. गाडीतला कचरा मिची-नो-एकीच्या पेटीत कोंबणं म्हणजे पाहुण्याने यजमानाच्या देवघरात चपला ठेवण्यासारखं. तो वर्गवारी करून, बांधून, बरोबर वागवायचा. दोन माणसांचा तीन दिवसांचा कचरा किती होतो हे बघायला मी आमच्या घरचा जपून ठेवला. पुन्हा विचारू नका.

अंघोळीचं मात्र सुख आहे. गाडीत अंघोळ नाही म्हणून रोज गरम पाण्याचा झरा शोधायचा, हे संकट कोणाला नको? आओमोरीच्या पश्चिम किनाऱ्यावर फुरोफुशी नावाचं न्हाणीघर आहे, अगदी समुद्राच्या काठावरच्या खडकांत. नावाचा अर्थ ‘म्हातारपण नाही, मरण नाही’. गेरूच्या रंगाचं पाणी, मान टेकली की समोर लाटा. ही जागा माझ्या मूळ यादीत नव्हती. शिराकामीच्या बीच वृक्षांचं जंगल १९९३पासून जागतिक वारसा आहे, ते बघून झाल्यावर अंघोळीला कुठे जायचं या प्रश्नातून ती निघाली. निम्मा रस्ता असाच निघाला. मुराकामी हे निईगाता प्रांतातलं गावही तसंच. दोन आरव्ही पार्कांच्या मधे काय आहे म्हणून बघितलं, तर तिथे सॅमन मासा आपल्याकडच्या रावसाइतका लाडका! शंभराहून जास्त पदार्थ करतात त्याचे, आणि शरदात घराघराच्या वळचणीला तो उलटा टांगून वाळवतात. पोट पूर्ण चिरत नाहीत, मधे थोडं सोडतात, कारण हे सामुरायांचं गाव. पोट चिरणं त्यांना हाराकिरीची आठवण करून देतं. गुहागरच्या मुलीला हे वाचून निघावंसं वाटलं नाही तर नवल. घोळ एवढाच की नवरा शाकाहारी आहे. जपानी स्वयंपाकात मासळीचा अर्क, ‘दाशी’, भाजीच्या रश्शातही असतो. त्याला हागुरो डोंगरातल्या यात्रेकरूंच्या धर्मशाळा दाखवल्या. २४४६ दगडी पायऱ्यांचा हा तीर्थक्षेत्राचा डोंगर, आणि तिथे रानभाज्यांचं बिनमासळीचं बौद्ध जेवण मिळतं, आधी कळवलं तर. तो पायऱ्यांचा आकडा वाचूनच गप्प झाला. बाकीचे दिवस गाडीत मुगाची खिचडी. तांदूळ-डाळ इथून न्यायची नाही, प्रमाणपत्राशिवाय कच्चं धान्य विमानतळावर अडवतात. ते निशी-कसाईतून भाची भरून देणार आहे.

हे सगळं लिहिताना मी अजून एक गोष्ट टाळते आहे. बाराशे स्थानकं, बंद शाळांचे झालेले कॅम्प, गाडी लावायला एवढी मोकळी जागा, हे आलं कुठून? २०२३च्या पाहणीत जपानमध्ये ९० लाख रिकामी घरं मोजली गेली, म्हणजे जवळजवळ सातातलं एक. ‘फारसं माहीत नसलेलं जपान’ असं आपण म्हणतो ते लपलेलं वगैरे काही नाही. ते रिकामं होत चाललेलं जपान आहे. पोरं तोक्योला गेली, म्हातारी माणसं मुळ्याच्या जुड्या बांधून स्थानकावर आणतात. हे वाचायला मला जपानीची गरज लागली नाही. आमच्या गुहागरच्या घराला वर्षातले साडेतीनशे दिवस कुलूप असतं. गणपतीत आम्ही जातो, जाळी काढतो, माटवी बांधतो, दीड दिवसाच्या आरत्या होतात आणि पुन्हा कुलूप. शेजारची तीन घरं गणपतीतही उघडत नाहीत. उद्या कोणी परदेशी बाई आमच्या वाडीत गाडी लावून ‘किती शांत, किती अस्पर्श’ म्हणाली, तर मी तिला काय म्हणेन? बहुधा चहा विचारेन. पण मनात काहीतरी म्हणेनच.

म्हणून मला तोकामाचीला आधी जायचंय. निईगातातला हा डोंगराळ, प्रचंड बर्फाचा भाग. ओस पडत चाललेल्या त्या गावांत २०००पासून दर तीन वर्षांनी कलेचा मोठा मेळा भरतो. भातखाचरांत, पडक्या घरांत, बंद शाळांत शिल्पं आणि चित्रं मांडतात. त्याच्याही आधीपासून, १९८२पासून, तिथल्या एका बंद पडलेल्या शाळेत मिथिला म्युझियम आहे. तोकियो हासेगावा या संगीतकाराने बिहारची मधुबनी चित्रं जमवून ते उभं केलं. आणि तिथे आपली वारली आहे. डहाणूकडच्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे तिथे जाऊन राहिले, तिथे बसून त्यांनी चित्रं काढली. सारवलेल्या कापडावर पांढऱ्या रेषांचा तारपा, आणि बाहेर माणूसभर बर्फ. मला हे फार उशिरा कळलं याची लाज वाटते. गंजाड आमच्यापासून किती तासांवर आहे? मी एकदाही गेले नाही. भाचीला आता मी हेच कारण सांगितलंय, आणि हे उधारीचं नाही.

याच भागात २००४च्या ऑक्टोबरात मोठा भूकंप झाला होता. घरात जायची भीती म्हणून लोक आपल्या गाड्यांत झोपले. दिवसेंदिवस पाय दुमडून बसल्याने रक्ताच्या गुठळ्या होऊन त्यांतली काही माणसं दगावली. गाडीत झोपण्याला जपानीत ‘शाचूहाकू’ म्हणतात. आम्ही ज्या शब्दावरून गाद्यांची जाडी, पडदे आणि थंडीतला हीटर शोधत होतो, त्याच शब्दाखाली या बातम्या येत होत्या. पुढे २०१६ला कुमामोतो, मग १ जानेवारी २०२४ला नोतो. ७.६ तीव्रतेच्या त्या धक्क्याने नोतोचा किनारा काही ठिकाणी चार मीटरपर्यंत वर उचलला गेला, वाजिमाचा जुना बाजार जळाला, समुद्राला लागून असलेली एक हजार चार भातखाचरं भेगाळली. नोतोला जायचं की नाही यावर आम्ही भांडलो. तो म्हणाला, जाऊ, चार पैसे खर्च करू, त्यांना तेच हवंय. मी म्हटलं, ज्यांना नाइलाजाने गाडीत झोपावं लागलं त्यांच्या गावात मी हौसेने गाडीत झोपणार नाही. दोघांचंही बरोबर आहे असं मला अजून वाटतं. सध्या नोतोची ओळ एक्सेलमध्ये बिनरंगाची आहे.

वेळापत्रक मात्र कालनिर्णयाच्या पानावर चालतं, एक्सेलवर नाही. ओसोरेझान हा शिमोकिता द्वीपकल्पावरचा गंधकाच्या वासाचा डोंगर ३१ ऑक्टोबरला बंद होतो, तो थेट १ मेला उघडतो. त्यामुळे आधी हळूहळू वर जाऊ हा बेत मोडला. किनाऱ्याने भराभर उत्तर गाठायची आणि रंगलेल्या पानांबरोबर खाली यायचं. मेलेल्यांचा डोंगर म्हणतात त्याला. मूल लहानपणी गेलं तर ते नदी ओलांडू शकत नाही, काठावर दगड रचत बसतं, अशी तिथली समजूत. म्हणून आईबाप येऊन दगडांच्या उतरंडी रचतात, रंगीत भिरभिरी खोचतात. नदीचं नाव सान्झू, आपल्या वैतरणीची सख्खी. तिथे वारा कायम असतो म्हणे, त्यामुळे भिरभिरी थांबत नाहीत. नवरा म्हणाला, “तिथे एकच तास.” मी होकार किंवा नकार काहीच दिला नाही. आमचं पहिलं मूल आठव्या महिन्यात गेलं, त्याला आता एकतीस वर्षं झाली. एक भिरभिरं मी तुळशीबागेतून आणून ठेवलंय. बॅगेत मावतं.

कोजागिरी साधारण तिथेच कुठेतरी येईल. जपानी लोक भाद्रपदाच्या पौर्णिमेचा चंद्र बघतात, आणि महिन्याभराने तेरसेचा, कोजागिरीच्या दोन रात्री आधी. म्हणजे आम्ही दोन दिवस उशिरा पोचलेले पाहुणे. दूध स्थानकावर मिळेल. केशराची डबी घेतली.

परतीचा रस्ता सान्रिकू किनाऱ्याने. ११ मार्च २०११च्या त्सुनामीनंतर सेंदाई ते हाचिनोहे असा ३५९ किलोमीटरचा नवा मार्ग बांधला, तो २०२१ला पूर्ण झाला, आणि बराचसा बिनटोलचा आहे. आम्ही तरी जिथे जमेल तिथे खालच्याच रस्त्याने. रिकुझेन्ताकातात सत्तर हजार पाइनच्या झाडांतलं एकच उभं राहिलं होतं. तिथल्या मिची-नो-एकीला लागूनच त्सुनामीचं संग्रहालय आहे. पण मला बघायचाय तो मियाकोजवळच्या आनेयोशी वाडीतला दगड. १९३३च्या लाटेनंतर लावलेला. त्यावर लिहिलंय की १८९६ला आणि १९३३ला पाणी इथवर आलं, वाडी संपली, पहिल्या वेळी दोन माणसं उरली, दुसऱ्या वेळी चार. या जागेच्या खाली घर बांधू नका. वाडीने ऐकलं. २०११ला पाणी दगडाच्या खालीच थांबलं, घरं वाचली. नवरा निवृत्त होईपर्यंत पाटबंधाऱ्यात होता. हे वाचून तो बराच वेळ खिडकीत उभा राहिला आणि मग म्हणाला, “आपल्याकडे पूररेषेचा दगड सहा महिन्यांत कोणाच्या तरी पायात चिणला असता.”

अस्वलांचं राहिलं. २०२५च्या शरदात अकितात त्यांचा एवढा उपद्रव झाला की प्रांताला लष्कराची मदत घ्यावी लागली. गावं रिकामी झाली, झाडांची फळं तोडायला कोणी नाही, मग अस्वलं येणारच. कमरेला लावायची घंटा विकत मिळते. मी म्हटलं, आपल्या पितळी घंटेनेही काम होईल. भाची म्हणाली, “मावशी, प्लीज.”

आता जिन्याचं. गाडी वर लावायची, एकाने पायऱ्यांनी खाली उतरायचं आणि दुसऱ्याने वळसा घालून गाडी बंदरावर आणायची, असा तोडगा निघालाय. त्याच्या गुडघ्याचं निमित्त झालं आणि पायऱ्या माझ्या वाट्याला आल्या. आमच्या चौथ्या मजल्यापासून खालपर्यंत ७२ पायऱ्या आहेत. पाचदा उतरलं की ३६०, आणि उरलेल्या दोन पार्किंगच्या. वर जाताना लिफ्ट, खाली येताना जिना. आज चौथ्यांदा खाली आले तेव्हा वॉचमन खुर्चीतून उठला आणि म्हणाला, “काकू, काही हरवलंय का?”